बारा जागांचं यान

सिस्टरला पाठीमागे सगळे ‘नन्ना सिस्टर’ म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं. हॉस्पिटलात हृदयरोग्यांच्या वॉर्डात अर्धी नोकरी काढली, तिथे तिच्या तोंडून ‘नाही’ कधी निघालं नव्हतं. पाणी हवं? देते. खिडकी उघडू? उघडते. पेशंट उद्या जगेल का, या प्रश्नालासुद्धा तिचं उत्तर ‘बघू, होईल नीट’ असंच असायचं. हा नन्नाचा पाढा तिच्या गळ्यात पडला तो कंपनीत आल्यावर.

कंपनी अंतराळात माणसं न्यायची. म्हणजे नेणार होती. अतिश्रीमंतांना घेऊन जाणारी यानं तोवर बऱ्याच जणांची झाली होती. ही कंपनी म्हणत होती की आम्ही सर्वसाधारण माणसाला नेऊ. पृथ्वीभोवती चार दिवस फिरवू आणि परत आणून सोडू, आणि भाडं घेऊ दोन खोल्यांच्या घराच्या किमतीएवढं. दोन खोल्यांचं घर म्हणजे काही कोपऱ्यावरची भाजी नव्हे, पण आधीच्या भाड्यात आख्खी गल्ली आली असती. त्या मानानं स्वस्तच.

शहराबाहेरच्या रस्त्याला, टायरच्या गोदामाला लागून, पत्र्याची एक लांबलचक इमारत होती. पुढच्या भागात गालिचा, काचेचं टेबल आणि भिंतभर पृथ्वीचा फोटो. मागच्या भागात उघडी सिमेंटची जमीन आणि त्यावर मधोमध घाणा. घाणा हे नाव कामगारांनी ठेवलेलं. मध्ये मोटर, तिच्यातून निघालेला लोखंडी हात, आणि हाताच्या टोकाला एक माणूस बसेल एवढी पेटी. मोटर सुरू झाली की पेटी गोल फिरायची आणि आतल्या माणसाच्या छातीवर वजन चढत जायचं. रॉकेट उडताना आणि यान परत उतरताना जसं चढतं, तसंच. तो भार ज्याला सोसेल त्याला डॉक्टर प्रमाणपत्र देणार. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. एरवी घाणा सिस्टरच्या ताब्यात.

सिस्टरचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तिनं हॉस्पिटल सोडून इकडे यायचं ठरवलं तेव्हा तो म्हणाला, “मी लोकांना सातव्या मजल्यापर्यंत नेतो. पुढचं तू बघ.”

“थट्टा करू नका हो.”

“थट्टा नाही करत. फक्त विचारतो, मध्येच अडकले तर सोडवायला कोण जाणार?”

ती हसली. पण जेवताना तो पुन्हा त्याच प्रश्नावर आला, आणि या खेपेला तो हसत नव्हता.

कंपनीचे मालक, त्यांना सगळे साहेब म्हणत, माणूस लबाड नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण नंतर लोक त्यांना वाटेल ते बोलले. त्यांनी आधी विमानतळांजवळ झोपायच्या पेट्यांची हॉटेलं काढली होती. एकावर एक पेट्या, आत गादी आणि दिवा, तासाच्या हिशेबानं भाडं. त्यात त्यांचं चांगलं बस्तान बसलं. “माणूस किती कमी जागेत झोपू शकतो ते मला कळलं,” ते चहा पिता पिता सांगायचे, “आता किती कमी खर्चात उडू शकतो ते बघायचंय.”

त्यांचं गणित साधं होतं. रॉकेट दुसऱ्या मोठ्या कंपनीचं, ते भाड्यानं घ्यायचं. यान स्वतःचं, बारा जागांचं, पुन्हा पुन्हा वापरायचं. बाराच्या बारा जागा भरल्या तर फेरी जेमतेम अंगावर येत नाही. वर्षाला अशा सहा फेऱ्या झाल्या तर दोन पैसे सुटतात. आणि एकदा लोकांना सवय लागली की भाडं आणखी खाली आणता येतं. पहिल्या दोन फेऱ्यांत सुरुवातीच्या खर्चापायी पदरचं घालावं लागणार होतं, हे साहेब कबूल करायचे. “बस भरली की चालते, सिस्टर. सगळा धंदा शेवटी बस भरण्याचा आहे.”

आणि बस भरायला माणसं आली होती, हे नवलच. पहिल्या महिन्यातच पुढच्या गालिच्यावर रांग लागली. सिस्टरला वाटलं, चला, आपण बरोबर ठिकाणी आलो.

पण रांगेतली माणसं एकेक करून मागे घाण्यावर यायला लागली तशी ती त्यांची वयं मोजायला लागली. दोन खोल्यांचं घर घेण्याइतकी पुंजी साधारण माणसाकडे कधी जमते? साठीला. आणि साठीला माणसाकडे आणखी काय काय जमलेलं असतं, ते तिनं वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलं होतं. निवृत्त आगारप्रमुख आले, त्यांच्या हृदयाच्या नळ्यांत घातलेल्या दोन जाळ्या. बेकरीवाल्या बाई आल्या, त्यांच्या रक्तदाबाचा आकडा बघूनच सिस्टरनं त्यांना पेटीत बसवलं नाही. शिंप्याच्या दुकानातले दोघे भाऊ आले. धाकट्याला पेटी थांबल्यावर उभं राहता येईना, थोरला म्हणाला याला सोडून मी नाही जायचा. कोवळी, धडधाकट पोरं बाहेरच्या फाटकाशी उभी राहून यानाच्या फोटोबरोबर स्वतःचे फोटो काढायची आणि निघून जायची. त्यांना घाण्याचं काही वाटलं नसतं. त्यांच्याकडे भाडं नव्हतं.

दहा जण आत आले की सहांना ती ‘नाही’ म्हणायची. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “म्हणजे चावी आहे त्याला दार नाही आणि दार आहे त्याला चावी नाही.” तिला ते आवडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी काम करताना तेच डोक्यात फिरत राहिलं.

आणि चावीवाले काका आले ते नेमके त्याच आठवड्यात.

काका-काकूंचं बाजारात किल्ल्या बनवायचं दुकान होतं. कुलूप अडकलं, तिजोरी उघडेना, मोटारीत किल्ली राहिली, की काका पिशवी घेऊन जायचे. काकू गल्ल्यावर. मूलबाळ नव्हतं. दोघांनी दुकानाशेजारचा दुसरा गाळा विकून दोन जागा धरल्या होत्या. काका अंगानं किडकिडीत, बोलणं मोजकं. काकूंच्या तोंडाचा पट्टा मात्र सुरू झाला की थांबायचा नाही.

सिस्टर सगळ्यांना विचारायची तसं तिनं त्यांनाही विचारलं, वर का जायचंय?

बहुतेक जण पृथ्वी बघायची म्हणायचे. काका म्हणाले, “गुडघे.”

“म्हणजे?”

“सिस्टर, कुलूप माणसाच्या कमरेखाली असतं. जन्मभर लोकांच्या दारापुढे गुडघे टेकून बसलोय. आता रात्री वळताही येत नाही. वर वजन नसतं म्हणे. चार दिवस गुडघ्यांवर काही नसेल. कसं वाटतं ते बघायचंय.”

“आणि काकू, तुम्ही?”

“मला काय बघायचंय डोंबल,” काकू म्हणाल्या. “यांना एकट्याला सोडलं तर चष्मा कुठे ठेवला ते तिथे कोण सांगणार? म्हणून मी.”

पेटीत आधी काकूंना बसवलं. छातीला तारा लावल्या, हातात दाबून धरायचं बटण दिलं, सोडलं की घाणा थांबेल असं सांगितलं. समोर तीन दिवे, मधला आणि दोन कडेचे. कडेचे दिसेनासे झाले की सांगायचं. घाणा फिरला. काकू आतून सबंध वेळ बोलत राहिल्या. गालाची कातडी मागे ओढली गेली तरी बोलणं चालू. पडद्यावर त्यांचे ठोके एका ओळीत, जणू पट्टीनं आखलेले. उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “झालं एवढंच?”

मग काका. निम्म्या वेगालाच कडेचे दिवे गेले. तेही त्यांनी तेव्हा सांगितलं नाही, उतरल्यावर कबूल केलं. सिस्टरनं पडद्यावर बघून घाणा थांबवला. हृदयाच्या ठोक्यांची लय मध्येच मोडत होती. दोन नीट, मग तीन घाईघाईनं एकमेकांवर आदळलेले, मग पुन्हा नीट. बसल्याजागी हे काही दिसत नसे. भार चढला की दिसायचं.

तिनं ‘नाही’ सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि विचारलं, पुन्हा कधी येऊ?

नियमानं एक संधी आणखी होती. ती त्यांनी सहा आठवड्यांनी घेतली, आणि तीही हुकली. पण या वेळी दिवे बराच वेळ दिसले होते. मधल्या काळात काका बदलले होते. मीठ सोडलं होतं, पहाटे नदीच्या बांधावर चालत होते, गुडघ्यांना पट्टे बांधून. काकू सायकलवरून मागे मागे, घड्याळ बघत. हे काकूंनीच सांगितलं, कुरकुर करत, पण त्या कुरकुरीत कौतुक होतं ते काही लपत नव्हतं.

इकडे पहिल्या फेरीची पाळी जवळ येत चालली होती. उडायची जागा आणि रॉकेट या दोन्हींची पाळी आधीपासून राखून ठेवावी लागायची. ती चुकली की पुढची कधी मिळेल ते मोठ्या कंपनीच्या मर्जीवर. सिस्टरनं ‘हो’ म्हटलेली अकरा माणसं तयार होती, काकू धरून. बारावी जागा काकांची.

साहेब मागे घाण्यापाशी आले. तिथे ते क्वचित यायचे. एक स्टूल ओढून बसले.

“काकांना तिसऱ्यांदा बसवा,” ते म्हणाले.

“नियमात नाही.”

“नियम आपणच केलेत, सिस्टर. बसवा. आणि घाणा जरा... अगदी वरच्या टोकापर्यंत नेऊ नका. यान उतरताना तेवढा भार नेहमी येतोच असं नाही.”

“आला तर?”

साहेबांनी स्टूल आणखी पुढे ओढलं. मग म्हणाले, “ते सही द्यायला तयार आहेत. माझं काही झालं तर माझी जबाबदारी, असं. मी त्यांना विचारलं नव्हतं, तेच येऊन म्हणाले.”

“साहेब, वर जाताना माणूस ताजा असतो. उतरताना चार दिवस अंग ढिलं पडलेलं असतं, आणि तेव्हाच भार जास्त. पेटीत काही झालं तर मी बटण दाबते आणि दार उघडते. तिथे दार कोण उघडणार?” बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की हा प्रश्न तिच्या नवऱ्याचा होता.

तिसऱ्यांदा बसवायला मात्र ती तयार झाली. वेग कमी करणार नाही, या बोलीवर.

त्या दिवशी डॉक्टरही आले होते. काकू बाहेर बाकावर. काका पेटीत चढले, स्वतःच पट्टे आवळले. घाणा फिरला. सिस्टर पडद्याकडे बघत होती आणि मनात, आजवर कुठल्या पेशंटसाठी केलं नसेल असं, आर्जव करत होती. ठोके सरळ. वेग वाढला. सरळ. “दिवे?” तिनं माइकमध्ये विचारलं. “तिन्ही,” काकांचा दबलेला आवाज आला. वेग आणखी वाढला. “दिवे?” “तिन्ही.” डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ठोके विस्कटले. या वेळी दोन-तीन नव्हेत, एक लांब ओळच्या ओळ, सुटलेल्या माळेसारखी. तिनं बटण दाबलं.

काका खाली उतरले ते हसत. घामानं निथळत होते. “तिन्ही दिसत होते,” ते म्हणाले. “शेवटपर्यंत. मी शुद्धीवर होतो, सिस्टर. थांबवलं कशाला?”

तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “हृदयाचं तुम्हीच सांगा, सिस्टर, मी तुमचा कागद बघूनच सही करतो.” म्हणजे तेही तिच्याच गळ्यात.

“काका, नाही जमणार.”

“मला काही झालं नाही.”

“इथे नाही झालं.”

काका ओरडले नाहीत. टॉवेलनं तोंड पुसलं, टॉवेलची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिला. “तुम्ही कागदावर ‘हो’ लिहिलं असतं,” ते म्हणाले, “तर माझं मी बघून घेतलं असतं.”

बाहेर बाकावर काकूंना कळलं. त्या उठल्या आणि काकांच्या मागोमाग फाटकाबाहेर गेल्या. संध्याकाळी साहेबांना त्यांचा फोन आला, की माझीही जागा सोडते. मी काय करू एकटी वर जाऊन? साहेबांनी परोपरीनं समजावलं. नाही म्हणजे नाही.

दोन जागा रिकाम्या झाल्या आणि तिथून सगळं घसरत गेलं. दोन नवी माणसं शोधून त्यांना तयार करेपर्यंत पाळी हातची गेली. पुढची मिळाली ती आठ महिन्यांनंतरची. प्रमाणपत्र वर्षभर चालायचं. तोवर निम्म्यांचं संपत आलं, म्हणून त्यांना पुन्हा घाण्यावर बसवावं लागलं. माणसं वर्षानं म्हातारी झाली होती, आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे काही थोडंथोडकं नसतं. आधी पास झालेल्या दोघांना सिस्टरनं ‘नाही’ सांगितलं. त्या जागा भरायला नवे आले, त्यांतलेही गळले. बारा जण एका वेळी, एका पाळीला, धडधाकट असणं हेच जमेना. साहेब पैशासाठी आणखी कोणाला तरी भेटायला जायचे, रिकाम्या हातानं परत यायचे. ज्यांना धीर धरवेना ते पैसे परत मागू लागले, आणि जे परत दिले ते दुसऱ्यांच्या भाड्यातले होते.

इमारतीच्या पुढच्या भागातला गालिचा उचलला गेला त्या दिवशी सिस्टर आपलं सामान घ्यायला गेली. साहेब रिकाम्या खोलीत पृथ्वीच्या फोटोखाली उभे होते.

“मी काकांना ‘हो’ म्हटलं असतं तर?” तिनं विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून आली होती.

साहेब विचार करून बोलले. “पहिली फेरी गेली असती. दुसरीही, कदाचित. त्यानंतर हेच झालं असतं, सिस्टर. झोपायला माणसाला काही लागत नाही, कसाही देह पुरतो. मी तेच गणित इथे लावलं.” मग म्हणाले, “पण बारा माणसं जाऊन आली असती.”

त्यांनी ते तिला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. टोचलं मात्र. लोखंडी हात कापून भंगारात गेला, साहेब मेहुण्याच्या सिमेंटच्या पाइपांच्या धंद्यात गेले, आणि गिऱ्हाइकांना भाड्याचा जेमतेम तिसरा हिस्सा परत मिळाला.

हॉस्पिटलनं सिस्टरला परत घेतलं नाही. तिच्या जागी नवीन मुली आल्या होत्या. डोळ्यांच्या एका दवाखान्यात तिला काम मिळालं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्तदाब बघायचा, थेंब घालायचे, धीर द्यायचा. तिथे कोणाला ‘नाही’ म्हणायची वेळ यायची नाही. नवरा म्हणाला, बरं झालं, सुटलीस. तिला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. बाजारात जाताना ती चावीवाल्यांची गल्ली टाळून जायची. एकदोनदा लांबून काका दिसले होते, कोणाच्या तरी दारापुढे बसलेले. ते चांगले ठणठणीत होते. हेच तिला जास्त लागायचं. वाईट काही घडलं असतं तर निदान ती स्वतःला म्हणू शकली असती, की बघ, आपलं बरोबर होतं.

चार-पाच वर्षांनी काकू दवाखान्यात आल्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. अंगानं उतरल्या होत्या. सिस्टरला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

“काका कसे आहेत?” दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता सिस्टरनं विचारलं.

“आहेत की. दुकानात असतात.”

“तुमच्याबरोबर नाही आले?”

“माझ्याबरोबर कुठे येत नाहीत ते.” काकू समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होत्या. “कामापुरतं बोलतात. जेवायला वाढ, गिऱ्हाईक आलंय, एवढंच.”

सिस्टर पट्ट्यात हवा भरायची थांबली. “माझ्यावरचा राग तुमच्यावर काढतात का?”

“तुमच्यावर कशाला राग? तुमचं त्यांनी कधी नावसुद्धा काढलं नाही.” काकूंनी मान हलवली. “माझ्यावर आहे. एकदाच बोलले. म्हणाले, तुझ्या अंगात होतं ते. तू जायचंस. येऊन मला सांगायचंस, की गुडघ्यांना कसं वाटतं. तेवढंही केलं नाहीस. मी म्हटलं, अहो, तुम्हाला सोडून मी कशी जाणार होते? तर म्हणाले, मी म्हटलं होतं का थांब म्हणून?”

“तसं त्यांनी तेव्हा म्हटलं होतं? जा म्हणून?”

“नाही ना. तेव्हा गप्पच होते. मला वाटलं, मी थांबले म्हणून त्यांना बरं वाटलं असेल.” त्यांनी चष्मा सारखा केला. “खरं सांगू सिस्टर, मला जायचंही होतं. तुमच्या त्या पेटीत बसले ना, तेव्हापासून.”

सिस्टरनं पट्ट्यात हवा भरली, काटा वर गेला, सावकाश खाली आला.

“किती आलं?” काकूंनी विचारलं.

“चांगलं आहे. अगदी चांगलं.”

“माझं चांगलंच असतं,” काकू म्हणाल्या.

आतून त्यांना बोलावणं आलं. सिस्टरनं त्यांचा चष्मा काढून पाकिटात ठेवला, डोळ्यात थेंब घातले आणि हाताला धरून दारापर्यंत नेऊन सोडलं. मग परत येऊन तिनं बाकावरच्या पुढच्या माणसाला बाही वर करायला सांगितली.